चालू हाय का बंद?

आमच्या धंद्यात गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक कोणतं, तर आत बसलेल्या माणसाने विचारावं, "इंजिन चालू आहे की बंद?" मी पुण्यात गाड्या तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. सीटखाली, स्टेअरिंगवर, पायाशी सेन्सर चिकटवायचे, थरथर कुठून येते ते शोधायचं आणि तिचा नायनाट करायचा, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे पाटोद्याला आमच्या अंगणात, माझ्या गाडीत बसून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "चालू हाय का बंद?" असं विचारलं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"चालूच हाय की," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले.

आबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मग सीटच्या कडेला ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून उचलला, "बरं" म्हणाले, दार उघडलं आणि उतरून ओट्यावर जाऊन बसले. मी स्टेअरिंग धरून तशीच बसून राहिले. कौतुक कसलं न् काय, त्या माणसाला खरोखरच कळत नव्हतं. हे माझ्या टाळक्यात शिरायला तेवढा वेळ लागला.

आबांची उभी हयात ट्रकवर गेली. हंगामात ऊस, एरवी कांदा, सिमेंट, मिळेल ते. जुन्या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, पत्र्याच्या झाकणाखाली असायचं. आबा म्हणायचे, मला क्लीनरची गरजच न्हाई, ह्योच दिवसभर बडबडतोय. त्या बडबडीवरून त्यांना सगळं कळायचं. गिअर कधी बदलायचा, चढ कुठे सुरू झाला, डिझेलमध्ये पाणी आलंय का, सगळं. मीटरचा काटा बघून गाडी चालवणारा माणूस त्यांना घड्याळ बघून भूक लागणाऱ्या माणसासारखा वाटायचा.

त्याच बडबडीने त्यांचे कान नेले. आधी फोनची घंटी गेली, मग आईच्या हाका गेल्या, मग बाकीचं सगळं. मी कानाचं मशीन आणून दिलं. ते लावलं की सगळे आवाज एकदम भांडायला लागत्यात, असं म्हणून त्यांनी ते सुपारीच्या डबीत ठेवलं, आणि ते सुपारीच्या वासाचं झालं तरी कानाला काही लागलं नाही.

तरीही आबा घरची जुनी जीप चालवायचे. एकदा एका पाहुण्याच्या लग्नाला निघाले आणि बसस्टँडपासून अख्ख्या बाजारातून पहिल्या गिअरवर गेले. इंजिन जिवाच्या आकांताने किंचाळत होतं आणि आबांना त्याचा पत्ता नव्हता. दुकानांतली माणसं बाहेर आली. एका हॉटेलवाल्याने दोन्ही हात वर करून थांबायची खूण केली. आबांना वाटलं, रामराम करतोय. त्यांनीही हसून हात वर केला. शेवटी चौकात कुणीतरी खिडकीतून आत हात घालून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि सांगितलं. आबा तसेच माघारी आले, बुद्धमूर्तीच्या फळीखाली एक खिळा होता त्याला किल्ली अडकवली, आणि पुन्हा कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. जीप पुढे विकली. आबांचं बोलणंही हळूहळू आटत गेलं. ज्याला ऐकूच येत नाही त्याने बोलायचं तरी कुणाशी?

मला आबांच्या हातात परत स्टेअरिंग बघायचं होतं. बस, एवढ्यासाठी मी ती गाडी घेतली. लहानपणी त्यांनी एक गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की आमची पाठ झाली होती. ऊस भरून नगरच्या रस्त्याने चालले होते, तेव्हा एक बुटकी, दोन दारांची गाडी त्यांच्या ट्रकला ओलांडून गेली. वरून त्यांना तिच्या ड्रायव्हरचे फक्त गुडघे दिसले. "तसल्या गाडीत बसायचं न्हाई मला," ते म्हणायचे, "चालवायची हाय." म्हणून मी जुनी का होईना, पण तसलीच घेतली. परदेशातून आलेली, लांब नाकाची, हळदीच्या रंगाची. दोनच दारं, दोनच सीटा. नगर, कडा, आष्टी, जामखेड करत मी ती पाटोद्याला आणली तेव्हा वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर माणसं उठून उभी राहिली होती. मी हरखून टुम्म झाले होते.

आईने गाडीला एक चक्कर मारली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मागं बसायचं कुठं?"

"मागं सीटच न्हाई. दोघांचीच गाडी हाय."

"आन् मी काय टपावर बसू?"

आमच्याकडे गाडी म्हणजे जीत अकरा माणसं, दोन पिशव्या आणि एक कोंबडी मावते ती. दोन माणसांची गाडी घेणारी पोरगी म्हणजे शिकून वाया गेलेली. तरी गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी एकेक करून चक्कर मारून घेतली. आबा मात्र शेजारी बसले, त्यांनी तो प्रश्न विचारला आणि उतरले. चालवायचं नाव काढलं की मान हलवायचे.

"मला गाडी कळत न्हाई आता, माय," ते म्हणाले. "न कळता चालवायची म्हंजी परत बाजारातून तसंच."

"काटा हाय की समोर. काटा इथवर आला की गिअर बदलायचा."

"काटाच बघायचा तर घरी घड्याळ हाय."

असला हट्टी माणूस. माझाही हट्ट कमी नाही, मी त्यांचीच लेक. नुसती गाडीची चटक लागावी म्हणून मी त्यांना बिंदुसरेचं धरण बघायला पालीला घेऊन गेले. जाताना घाट उतरले तेव्हा गाडीने कशी झोकात वळणं घेतली म्हणून सांगू! आबा खिडकीबाहेर बघत होते. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "पाळण्यात बसल्यावानी." ज्या माणसाला गाडी चालवायची होती त्याला मी पाळण्यात घालून आणलं होतं.

येताना घाट चढून वर आले आणि मांजरसुंब्याच्या पुढे एका खड्ड्याने घात केला. धाडकन आवाज आला. त्यानंतर पाय दाबला की धाड, पाय काढला की धाड. आबांना आवाज आला नाही, पण माझं तोंड बघून ते म्हणाले, "मोडलं का काय?"

मोडलं होतं. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट ठेवत नाहीत, मध्ये रबराचे आधार असतात. आम्ही त्यांना माउंट म्हणतो, गॅरेजात फौंडेशन म्हणतात. माझ्या गाडीला असे तीन होते, दोन इंजिनाच्या दोन बाजूंना आणि एक मागे गिअरबॉक्सखाली. त्यातल्या एकाचं रबर फाटलं होतं. पुण्याला फोन केला तर कळलं, परदेशी माल आहे, मागवावा लागेल, वाट बघा.

पाटोद्यात आबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांचं सगळं काम उसाच्या ट्रॉल्यांचं. गाडीखालून फाटका तुकडा काढून त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने दाबला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली.

"ताई, ह्यो इंजिनाचा फौंडेशन हाय का खवा?"

"मऊच असतो तो. थरथर खायला."

"कोण खायलंय थरथर?"

"तोच. तुमी फक्त माल येईपर्यंत टिकंल असं काहीतरी करा. तेवढा एकच. बाकीच्या दोघांना हात लावू नका."

"करतो की," मिस्त्री म्हणाले.

आता उसाच्या गावातल्या मिस्त्रीला "टिकेल असं करा" म्हणून सांगितल्यावर तो काय करणार, हे मला कळायला हवं होतं. ट्रॉलीवर ऊस भरतात तो कायद्याने नव्हे, हौसेने भरतात. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि रस्ता म्हणजे नांगरट. तिथे जी वस्तू दबते ती वाईट आणि जी दबत नाही ती चांगली, इतकं साधं शास्त्र आहे. मिस्त्रींनी तिन्ही माउंटच्या लोखंडी कड्यांतलं रबर उपसून काढलं, आणि ट्रॉलीखाली बसवतात ते काळं टणक रबर कापून, घासून, ठोकून त्यात बसवलं. एकच घट्ट केला असता तर दुसरे दोन रुसले असते, असं त्यांचं म्हणणं. वरून तो माझ्यावर केलेला उपकार होता. आबांची लेक आहे म्हणून.

मी जाऊन गाडी चालू केली.

काय सांगू! स्टेअरिंग हातात झिणझिणायला लागलं. दारं गुणगुणायला लागली. गिअरचा दांडा डोक्यात वारं गेल्यासारखा थरथरत होता. मधल्या खळग्यात पडलेलं नाणं नाचत नाचत सीटखाली गेलं. आरशात मागे उभी असलेली एक म्हैस चार म्हशींसारखी दिसत होती. माझे दात एकमेकांवर वाजत होते, आणि तसल्या तोंडाने मी मिस्त्रींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा राग मोठा आहे आणि तो आधी तोंडाने बाहेर पडतो.

मिस्त्री शांत उभे होते. "आता तुटत न्हाई, ताई. वाटलं तर ऊस भरा."

"ऊस कशाला भरू? बसायची गाडी हाय ती. सगळी थरथर अंगात यायलीय!"

"हालतंय म्हंजी चालू हाय," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

घरी आल्यावर आईला बाजारात न्यायचं होतं. ती बसली. मी गाडी चालू केली, आणि आईने एका हाताने जबडा धरला व दुसऱ्याने दार. जाऊन येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. उतरल्यावर पदर सारखा करत म्हणाली, "दळण आणायला गेलते का दळून यायला?" आणि या गाडीत परत पाय ठेवणार नाही, असं तिने शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

मी रागारागाने एकटीच गाडी घेऊन बाहेर पडले. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला तसा पाय दाबला, आणि माझा राग वाटेतच उतरला.

मऊ रबरावरचं इंजिन गाडीत न बांधलेल्या पोत्यासारखं असतं. पाय दाबला की आधी ते स्वतः कलतं, रबर दाबतं, आणि मग उरलेला जोर चाकाकडे जातो. पाय काढला की उलट्या बाजूला झुकतं. हा सगळा खेळ डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतो, पण गाडी आणि पाय यांच्यात एक मध्यस्थ बसलेला असतो. त्या मध्यस्थालाच मिस्त्रींनी हाकलून दिलं होतं. पाय हलला की गाडी हलत होती. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता, कारण खाली गिअरबॉक्स जागचा हलतच नव्हता. वेग वाढला तशी ती जीवघेणी थरथरही बारीक होत गेली आणि तिची एक घट्ट, सलग गुणगुण झाली. एका जागी उभी असताना इंजिन हळू, धक्क्याधक्क्याने फिरतं, तेव्हा त्रास सगळ्यात जास्त. पळायला लागलं की आरशातली म्हैस परत एकच होते. हे सगळं मी कागदावर शंभरदा शिकले होते. पण मला इतका आनंद होईल असं कुठल्या कागदाने सांगितलं नव्हतं. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

तरी हसून भागणार नव्हतं. आई बसायला तयार नाही, आबा चालवायला तयार नाहीत, आणि मी मात्र मजा मारतेय. मूळ माल आला की हे टणक रबर काढून टाकायचं, हे माझ्या मनात पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचं एक अर्धं पोतं आणायचं होतं. आई येईना, म्हणून पोत्याला हात लावायला आबा आले. येऊन बसले, पट्टा लावला, आणि हात सवयीने मधल्या खोबणीत, गिअरच्या दांड्याच्या बुडाशी ठेवला. मी गाडी चालू केली. आबांनी मान वळवून हाताकडे बघितलं. मला वाटलं, थरथर टोचली असेल. मी निघाले.

गावाच्या बाहेर मी काहीतरी विचार करत होते, दुसऱ्या गिअरवरच गाडी ओढत होते.

"तिसरा टाक," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. काट्याकडे बघत नव्हते, तो त्यांच्या बाजूने दिसतही नव्हता.

"टाक की तिसरा. कावून रडवायलीस तिला?"

मी तिसरा टाकला. पुढे मी मुद्दाम गाडी हळू केली आणि तिसराच ठेवला. इंजिन आचके द्यायला लागायच्या आत आबा म्हणाले, "दुसऱ्यात घे." मग मी मुद्दाम दुसरा लांबवला. "हं, आता तिसरा." एकदाही चुकले नाहीत. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि त्यांना खुणेने म्हटलं, डोळे मिटा. त्यांनी मिटले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बंद केलीस," आबा म्हणाले.

चालू केलं.

आबा डोळे मिटूनच हसले. तळहाताने खोबणीवर दोनदा थोपटलं. "बोलतीया की गं ही," ते म्हणाले.

मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. दोन्ही करत होते. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला आहे. ज्वारीचं पोतं आम्ही विसरलो. हंगामात उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मैदान जवळच होतं, तेव्हा रिकामं होतं, मी गाडी सरळ तिकडे घातली. मध्यभागी थांबवली, उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि दार उघडून उभी राहिले. आबांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग स्टेअरिंगकडे.

"परत तसं झालं तर?"

"इथं कुणी न्हाई आबा," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "म्हशी पण न्हाईत."

ते उतरले आणि पलीकडे जाऊन बसले. सीट मागे घेतली, आरसा बघितला, क्लच दाबून बघितला. पहिल्या खेपेला क्लच जरा लवकर सुटला आणि गाडी आचका देऊन थांबली. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, "बंद पडली." आणि स्वतःच परत चालू केली. एवढी साधी गोष्ट. पण याआधी ते माझ्या तोंडाकडे बघून विचारत होते.

दुसऱ्या खेपेला गाडी हलली. पहिला. दुसरा. मैदानाच्या टोकाला वळण. परत येताना तिसरा, आणि तो असा वेळेवर पडला की गाडीला कळलंही नसेल. आबांचा डावा हात दांड्यावरून हलत नव्हता. धुरळा उडवत आम्ही चकरा मारत होतो आणि आबा बोलायला लागले. हा दांडा कसा सांगतो, जुन्या ट्रकचं झाकण कसं सांगायचं, घाटात इंजिन कसं कण्हायचं. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात तसे, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे. मी फक्त मान हलवत होते.

त्यानंतरच्या दिवसांत मी त्यांना रस्त्यावर नेलं, आधी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, मग थोड्या गर्दीत. त्यांचे डोळे घारीचे आहेत, अडचण होती ती आरशाची. उभ्या गाडीत आरसा थरथरत होता आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला आरसाच कान. मी आरशाच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला. मग आम्ही घाट उतरून पालीपर्यंत गेलो, आणि या वेळी पाळण्यात मी होते, चालवत ते होते. धरणाच्या पाण्याकडे बघायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

माझी रजा संपली. गाडी आबांकडे ठेवून मी बसने पुण्याला गेले. ऑफिसात बसून मी परत तीच थरथर मारायचं काम करत होते, पण आता मारताना हात जरा अडखळत होता. काही आठवड्यांनी मूळ माउंट आले. नवेकोरे, मऊ. अंगठ्याने दाबून बघितले आणि मिस्त्रींचा खवा आठवून हसू आलं.

माझ्या डोक्यात एक मधला मार्ग तयार झाला होता. इंजिनाच्या दोन बाजूंचे माउंट मऊ बसवायचे आणि गिअरबॉक्सखालचा एक टणकच ठेवायचा. सांगाड्यातली थरथर बरीच उतरेल, दारं गप्प होतील, आईचे दात वाजायचे थांबतील. दांड्याला तरी थोडी थरथर उरेल, आबांना त्यावरून कळेल. सगळ्यांचं समाधान. माझ्या धंद्यातला माणूस याच्यापेक्षा शहाणा तोडगा काढू शकत नाही. मी मोठ्या उत्साहात बसमध्ये बसले, पिशवीत माउंट घेऊन.

पोचले तेव्हा आबा पायीच बाजारात गेले होते. बरंच झालं, म्हटलं, येईपर्यंत काम उरकून टाकू. मी गाडी जॅकवर चढवली, खाली घोंगडी अंथरली आणि पाना घेऊन आत सरकणार एवढ्यात आई चहा घेऊन आली.

"काय करायलीस?"

"तुझ्या दातांची सोय," मी म्हणाले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. दोन मऊ, एक टणक. थरथर निम्म्याहून कमी.

आई कप हातात धरून ऐकत होती. "आन् त्येन्ला कळंल का मंग, गाडी चालू हाय का बंद?"

"कळंल की. थोडं कमी कळंल."

"थोडं बी कमी नगं."

मी घोंगडीवर उठून बसले. "आई, तूच म्हणलीस ना, दळून यायला गेलते का म्हणून? आता परत बसणार न्हाई म्हणलीस."

"म्हणले व्हते." तिने कप माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावर बसली. "पर मंग एक दिस त्ये म्हणले, चल. कवा म्हणले व्हते चल, मला आठवत बी न्हवतं. मी बसले. पालीपतूर गेलतो. सारा रस्ता बोलत व्हते गं. ऊस, ट्रक, तू बारकी असताना काय करायचीस, माझी माय कशी वरडायची. कवाचं साठलंवतं कुनाला ठावं. घरी आले की परत गप. गाडीत बसलं की चालू." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दात काय, पदराचा बोळा धरते दातात. बोलायला त्येन्लाच तर लागतंय."

मी इतकी वर्षं माणसं गाडीत किती सुखात बसतात ते मोजते. सीटवर, पाठीवर, पायाशी. आईच्या दातात पदराचा बोळा आहे आणि ती सुखात आहे, हे मोजायला माझ्याकडे सेन्सर नव्हता.

मी चहा प्याले, जॅक उतरवला, पाना पिशवीत टाकला. नवे माउंट कोनाड्यात ठेवून दिले.

आबा बाजारातून आले. मला बघून त्यांना आनंद झाला, पण जास्त आनंद आईला धरणावर न्यायचं ठरलं होतं त्याचा होता, हे लपत नव्हतं. दोघांची गाडी, त्यामुळे मी राहणार होते. फळीखालच्या खिळ्यावरून किल्ली काढून ते बाहेर आले. आई शेजारी बसली, पट्टा लावला, पदराचा बोळा दातात धरला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आबांनी गाडी चालू केली. दारं गुणगुणायला लागली, आरसा ट्यूबच्या तुकड्यावर थरथरला, आईची बांगडी खिडकीच्या काचेवर वाजायला लागली. आबांनी तळहात दांड्यावर ठेवला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. काही विचारलं नाही.

गाडी गल्लीतून निघाली आणि बाजाराच्या रस्त्याला लागली, त्याच बाजाराच्या. मी फाटकात उभी राहिले. वळणावर हळदीचा रंग दिसेनासा झाला तरी इंजिन ऐकू येत होतं. बसस्टँडच्या अलीकडे दुसरा पडला. मग हॉटेलच्या अंगाला, अगदी जिथे पडायला हवा तिथे, तिसरा पडला.